मॅडन एनएफएल २६ : अख्खा हंगाम खेळून झाल्यावर

पुण्यातला माझा पुतण्या ऑगस्टपासून एकच प्रश्न विचारतोय, "काका, मॅडन घेऊ का?" मी दर वेळी त्याला थांबवत आलो, कारण पहिल्या आठवड्यात प्रत्येक नवीन गेम छानच वाटतो. मॅडन म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा व्हिडिओ गेम. १४ ऑगस्ट २०२५ ला यंदाचा आला, आता फेब्रुवारी संपत आलाय. माझे दीडशेच्या वर तास झालेत. बायकोच्या हिशेबाने जास्त.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. मी सांगलीत टेनिस बॉलचं क्रिकेट खेळत वाढलो. आता न्यू जर्सीत चेरी हिलला राहतो, म्हणजे डेलावेअर नदीच्या पलीकडे फिलाडेल्फिया. इथे फिलाडेल्फियाच्या ईगल्सशिवाय दुसरी टीम धरलीत तर शेजारी ओळख देईनासे होतात. तरीही पहिली पाच-सहा वर्षं टीव्हीवर मला काय दिसायचं? चार सेकंदांची झटापट, चाळीस सेकंदांचं उभं राहणं आणि मग जाहिराती. हा खेळ मला कळला तो मॅडनमुळे, मुलगा पहिलीत असताना घरात आलेल्या एका जुन्या आवृत्तीमुळे. तेव्हापासून दर वर्षी नाही, पण दोन-तीन वर्षांनी एकदा घेतो. याआधीचा माझ्याकडचा गेम मॅडन २४. यंदाचा पीएस ५ वर खेळलोय, बहुतेक वेळ ऑफलाइन, टीम चालवायच्या 'फ्रँचाइझ' मोडमध्ये.

ज्यांनी कधीच पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ११ विरुद्ध ११. चार प्रयत्नांत, म्हणजे डाउनमध्ये, १० यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार डाउन मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे. बाकी सगळं खेळता खेळता कळतं.

आता मुद्द्यावर येतो. फिफा खेळणाऱ्या मुलांना वाटतं, कंट्रोलरवर बोटं जितकी भराभर चालतील तितकं चांगलं. इथे बोटं न हलवण्याच्या वेळात निम्मा खेळ होतो. थर्ड डाउन आहे, ६ यार्ड हवेत. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू घ्यायला उभा आहे, स्नॅप (चेंडू मागे त्याच्याकडे देणं) अजून झालेला नाही. समोरच्यांचे दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, लांब उभे दिसतात, म्हणजे मधली जागा मोकळी असायला हवी. पण एक लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला बचावपटू, हळूच पुढे सरकलाय. तो खरंच चाल करून येणार, की नुसता घाबरवतोय? प्ले क्लॉक, म्हणजे चेंडू हलवायला दिलेला वेळ, खाली येतंय. एका रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्याचा) मार्ग बदलायचा, संरक्षण डावीकडे वळवायचं, की सरळ चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात द्यायचा? बॅट्समनने क्रीझवर उभं राहून फिल्डिंग मोजावी, तसंच हे. फक्त इथले फिल्डर तुम्ही मोजताय हे ओळखून मुद्दाम चुकीच्या जागी उभे राहतात आणि चेंडू हलला की धावत आपल्या जागी जातात. मॅडन २४ पर्यंत मला हा लपंडाव महिन्याभरात पाठ व्हायचा. यंदा फेब्रुवारीतही फसतोय, आणि फसल्यावर रागाऐवजी मजा वाटते.

त्याचं बरंचसं श्रेय ज्याला ते 'क्यूबी डीएनए' (क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक) म्हणतात त्याला. खऱ्या सामन्यांच्या डेटावर मशीन लर्निंग चालवून मोठ्या क्वार्टरबॅकना त्यांच्या सवयी दिल्यात. जाहिरातीत हे वाचलं तेव्हा मी हसलो होतो, कारण दर वर्षी असं एखादं जडजंबाल नाव असतंच. पण बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनसमोर पहिला सामना खेळलो आणि हसू गेलं. त्याच्यावर सगळे सोडले की तो बाजूने निसटून २० यार्ड पळतो. म्हणून एक माणूस फक्त त्याच्यावर डोळा ठेवायला राखावा लागतो, आणि तो राखला की मागे पास अडवायला एक कमी. डेट्रॉइटच्या जॅरेड गॉफसमोर हेच केलंत तर तुमचा माणूस फुकट, कारण तो पळतच नाही. जागेवर उभा राहून शांतपणे तुमची कत्तल करतो. पूर्वी मी ३२ टीमविरुद्ध एकच डिफेन्स घेऊन जायचो. आता मॅचच्या आधी बसून विचार करावा लागतो, समोर कोण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळाडूंची झीज. गेममध्ये तिला 'वेअर अँड टेअर' म्हणतात. प्रत्येक टॅकलचा, म्हणजे धरून पाडल्याचा, हिशेब अंगाच्या त्या त्या भागावर जमा होतो, मॅचमध्येही आणि हंगामभरही. गेमच्या कव्हरवर आमच्या ईगल्सचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली आहे. जॅक्सनव्हिलविरुद्ध एका डिफेंडरकडे पाठ करून त्याने मागच्या मागे मारलेली उडी ज्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात पाहिली, ते आयुष्यात विसरणार नाहीत. त्या हंगामात तो ३४५ वेळा चेंडू घेऊन धावला आणि २,००५ यार्ड काढले. साहजिकच मी माझ्या पहिल्या हंगामात दर वेळी त्याच्याच हातात चेंडू दिला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी देव होतो. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत, त्याचे पाय जड झाले, पहिल्याच धक्क्याला पडायला लागला, आणि प्लेऑफमध्ये तर चेंडू हातातून सुटला. दुसऱ्या हंगामात राखीव रनिंग बॅकला निम्मं काम वाटून दिलं. दिसायला कंटाळवाणं, पण जानेवारीत बार्कली ताजा होता. गंमत म्हणजे २०२५ च्या खऱ्या हंगामातही त्याची आदल्या वर्षीची झेप दिसली नाही. इथले लोक लगेच 'मॅडनचा शाप' काढतात, म्हणजे कव्हरवर आला की माणूस संपला. २००४ च्या आवृत्तीवर मायकल विक होता आणि हंगामाआधीच त्याचा पाय मोडला, तेव्हापासून ही अंधश्रद्धा पक्की झालीय. मला विचाराल तर ३४५ वेळा धावल्यावर शापाची गरज नाही.

हवामानही आता नुसतं सजावटीचं राहिलं नाही. बफलोला बर्फात खेळलो तेव्हा लांबचा रिसीव्हर पांढऱ्यात विरून गेला. धुक्यातही तेच. लांब पास सोडून दिले आणि सगळी मॅच दोन-दोन, तीन-तीन यार्डांनी रेटली, १३-१० ने जिंकली. मुलगा म्हणाला, "बाबा, ही तुझी बेस्ट मॅच." बघायला मात्र भयंकर होती.

फ्रँचाइझबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल. एक टीम हाती घ्यायची आणि वर्षानुवर्षं चालवायची. यंदा कोचलाही स्वतःचं कौशल्य आहे. कुणी आक्रमणाचा, कुणी बचावाचा, कुणी पोरं घडवणारा. मी पोरं घडवणारा घेतला, म्हणून पहिल्या वर्षी मार खाल्ला. पण खरी परीक्षा पैशांची. एनएफएलमध्ये प्रत्येक टीमच्या पगारावर मर्यादा, म्हणजे कॅप, असते, २०२५ साली ती २७.९२ कोटी डॉलर होती. खेळाडूला सही करताना दिलेला बोनस या मर्यादेत एकदम मोजत नाहीत, जास्तीत जास्त पाच वर्षांत पसरवतात. ऐकायला सोय वाटते. पण खेळाडू विकला की उरलेला बोनस अंगावर येतो. म्हणजे गाडी विकून टाकली, पण हप्ते चालूच. माझ्या डोक्यात हे कधीच शिरलं नव्हतं. एका रिसीव्हरला रागाच्या भरात विकून टाकलं आणि पुढच्या वर्षी नवीन माणूस घ्यायला पैसेच नाहीत म्हटल्यावर लख्ख शिरलं. आता ऑफिसात मंडळी कॅपबद्दल बोलतात तेव्हा मी मान डोलावत नाही, वाद घालतो.

मुलाचा आवडता खेळाडू क्वार्टरबॅक नाही, रनिंग बॅक नाही, तर जॉर्डन मायलाटा. सिडनीहून आलेला, रग्बी खेळणारा पोरगा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत ईगल्सने घेतला, तेव्हा तो हा खेळ एकदाही खेळला नव्हता. आज तो क्वार्टरबॅकच्या डाव्या अंगाला भिंत म्हणून उभा असतो. त्याच्या हातात चेंडू येत नाही, त्याचं नाव स्कोअरबोर्डवर लागत नाही. पण गेममध्ये तो जखमी होऊन बाहेर बसला की दोन सेकंदांत माझा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स पाठीवर पडलेला असतो. १९८० च्या दशकात हा गेम बनत होता तेव्हाच्या कॉम्प्युटरना इतकी माणसं झेपत नव्हती. कमी खेळाडूंचा गेम करू असं सुचवल्यावर, ज्यांच्या नावाने हा गेम आहे ते कोच जॉन मॅडन अडून बसले, ११ विरुद्ध ११ नसेल तर ते फुटबॉलच नाही म्हणून. गेम यायला १९८८ उजाडलं. मायलाटासारख्यांना कुणी कंट्रोलरने चालवत नाही, तरी ते मैदानात हवेतच, हा हट्ट ओकलंडला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिलेल्या कोचचाच असू शकतो.

आता न आवडलेलं. अल्टिमेट टीम, म्हणजे खेळाडूंची पत्त्यांची पाकिटं फोडून टीम जमवायची. पैसे न घालताही खेळता येतं, पण ज्याने घातलेत त्याच्यासमोर उभं राहायचं आणि वर पुढच्या ऑगस्टात नवीन आवृत्तीत सगळं शून्यापासून. मी तीन संध्याकाळी खेळलो आणि सोडलं. घरात शाळकरी मूल असेल तर कन्सोलवर खर्चाचं कुलूप आधी लावा, मग गेम द्या. सुपरस्टार मोडमध्ये एकाच खेळाडूचं करिअर आहे. मला ते पातळ वाटलं, मुलाला आवडलं. कॉमेंट्री चांगली आहे, गुरुवार-रविवारच्या टीव्हीसारखा थाटही आहे, पण शंभर मॅचनंतर कुठलीही कॉमेंट्री कानाला ओळखीची होतेच. मी आवाज बंद करून आकाशवाणी ऐकतो.

किमतीचं दुखणं जुनं आहे. ७० डॉलर, दर वर्षी. २००४ साली ईएसपीएन एनएफएल २के५ हा स्पर्धक गेम १९.९९ डॉलरला आला आणि खळबळ उडाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅडन काढणाऱ्या ईए कंपनीने लीग आणि खेळाडूंच्या संघटनेबरोबर एकाधिकाराचा करार केला. तेव्हापासून खऱ्या टीम, खरी नावं घेऊन असा पूर्ण फुटबॉल गेम दुसरा कुणी काढत नाही. गावात वाण्याचं दुकान एकच असेल तर तूरडाळ चांगली असली तरी भाव विचारायची सोय नसते, तसं. डाळ यंदा चांगली आहे, हे मात्र कबूल.

एक कबुलीजबाब. नोव्हेंबरात पंधरा दिवस मी या गेमला शिव्या घातल्या. क्वार्टरबॅक आपोआप डावीकडे सरकायचा, पास वाकडे जायचे. शेवटी कळलं, माझ्या जुन्या कंट्रोलरची डावी स्टिकच सैल झाली होती. कुठलाही निष्कर्ष काढायच्या आधी तेवढं तपासा.

पुतण्यासाठी, आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी. मॅडन २५ असेल तर घाई नको, दर वर्षी थँक्सगिव्हिंगपासून सेलमध्ये किंमत चांगलीच उतरते. मॅडन २४ किंवा जुना असेल, किंवा कधीच खेळला नसाल, तर हा घ्या. जुन्या पीएस ४ वर मात्र चालणार नाही. निन्टेन्डोवाल्यांना २०१२ नंतर पहिल्यांदा मॅडन मिळालाय, स्विच २ वर. सुरुवात रुकी, म्हणजे सगळ्यात सोप्या लेव्हलवर करा, कोच सुचवेल तो प्ले (आखलेली चाल) घ्या, आणि पहिले दहा सामने हरायची लाज बाळगू नका. काकाशी ऑनलाइन खेळायचा बेत मात्र सोडून द्या. पीसी आणि पीएस ५ वाले एकमेकांशी खेळू शकतात, म्हणून आम्ही एकदा पुणे विरुद्ध चेरी हिल खेळून पाहिलं. समुद्राखालून इतकं अंतर जाऊन बटण पोचेपर्यंत माझा डिफेंडर दोन पावलं पुढे निघून गेलेला. हसून हसून दुसऱ्या क्वार्टरला थांबलो.

मुलगा आणि मी एकाच सोफ्यावर बसून खेळतो तेव्हा घरात एक नियम आहे : क्वार्टरबॅक स्नीक, म्हणजे स्नॅप होताच क्वार्टरबॅकने स्वतः पुढे घुसणं, मॅचमध्ये एकदाच. खऱ्या लीगमध्ये ईगल्सच्या 'टश पुश'वर (स्नीक करणाऱ्या क्वार्टरबॅकला मागून ढकलण्यावर) बंदी आणायचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये आला होता. २४ मतं हवी होती, २२ पडली. आमच्या घरात तो मंजूर झाला. मतदार दोनच, आणि त्यातल्या एकाच्या हातात पॉकेटमनी.

सध्या तिसऱ्या हंगामाच्या उंबरठ्यावर आहे. मायलाटाचा करार वाढवायचा आहे आणि कॅपमध्ये जागा नाही. बार्कलीचं वय वाढलंय, गेममध्ये त्याचा वेग दोन आकडे उतरलाय. "बाबा, त्याला विक," मुलगा म्हणतो, "भिंत महत्त्वाची." हिशेबाने त्याचंच बरोबर आहे. चार दिवस झाले, ट्रेडचं पान उघडतो आणि बंद करतो.