बेसाल्टातून प्राचीन चुंबकीय क्षेत्राची तीव्रता काढताना: थेलिए, शॉ की बहुनमुना पद्धत?

खडकातून प्राचीन चुंबकीय क्षेत्राची दिशा काढणे तुलनेने सोपे आहे. तीव्रता काढणे मात्र अतिशय अवघड आहे, आणि प्रबंधासाठी पद्धत निवडणाऱ्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा. तप्त लाव्हा निवत असताना त्यातील मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण भोवतालच्या क्षेत्राच्या प्रमाणात चुंबकत्व धारण करतात. हे प्रमाण प्रत्येक खडकाचे वेगळे असल्यामुळे तोच नमुना प्रयोगशाळेत ज्ञात क्षेत्रात पुन्हा तापवून निववावा लागतो, आणि तापवताना त्यातील खनिजे बदलली तर तुलनेचा पायाच निखळतो.

एमिल आणि ओदेत थेलिए या फ्रेंच दांपत्याने 1959 मध्ये मांडलेली पद्धत या अडचणीला टप्प्याटप्प्याने सामोरी जाते. प्रत्येक तापमानाला मूळ चुंबकत्व किती गेले आणि ज्ञात क्षेत्रातून नवे किती आले हे आलेखावर मांडले जाते आणि रेषेच्या उतारावरून प्राचीन तीव्रता मिळते. मध्येच मागच्या, कमी तापमानाला परत जाऊन नमुना बदलला आहे का हेही तपासता येते. या अंतर्गत तपासणीमुळेच ती आजही प्रमाण मानली जाते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. परंतु तिच्यात नमुना वीस-तीस वेळा तापतो, आणि कण मोठे, म्हणजे अनेक चुंबकीय विभागांत वाटले गेलेले असतील, तर रेषा सरळ न राहता वाकते. अशा वाकलेल्या रेषेचा कमी तापमानाचा भाग धरला तर उत्तर खऱ्यापेक्षा मोठे येते.

रेषा सरळ आली म्हणजे उत्तर बरोबर आले, असेही नाही. हवाई बेटावरील किलावेया ज्वालामुखीच्या 1960 च्या लाव्ह्यावर ही गोष्ट सिद्ध झाली. त्या वर्षी तेथील क्षेत्र सुमारे 36 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) होते हे ठाऊक असल्याने उत्तर आधीच हाती होते. तरीही 2003 मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थेलिए पद्धतीच्या स्वीकारार्ह ठरलेल्या निकालांची सरासरी सुमारे 49 आली. निवताना ऑक्सिडीकरण होऊन नवे चुंबकीय खनिज तयार झाले असावे, आणि त्याने धारण केलेले चुंबकत्व निव्वळ उष्णताजन्य, म्हणजे केवळ निवण्यातून आलेले, नसावे, असे कारण त्यांनी सुचवले.

त्याच लाव्ह्यावर शॉ पद्धतीच्या सुधारित रूपाने सुमारे 39 हे उत्तर दिले. मूळ पद्धत 1974 ची. तिच्यात चुंबकत्व उष्णतेऐवजी प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा उलटणाऱ्या, क्षेत्राने उतरवले जाते, नमुना क्यूरी तापमानाच्या (ज्याच्या वर खनिजाचे चुंबकत्व नाहीसे होते त्या तापमानाच्या) वर एकदाच (सुधारित रूपात दोनदा) तापवला जातो, आणि तापवण्याने झालेला बदल प्रयोगशाळेत दिलेल्या दुसऱ्या एका चुंबकत्वाच्या आधारे दुरुस्त केला जातो. सुधारित रूपात नमुना द्रव नायट्रोजनात बुडवून मोठ्या कणांचा प्रभावही कमी केला जातो. वेळ पुष्कळ वाचतो. मात्र ती दुरुस्ती एका गृहीतकावर उभी आहे: खनिजबदलाचा परिणाम दोन्ही चुंबकत्वांवर सारखाच झाला असला पाहिजे.

2006 मध्ये आलेली बहुनमुना पद्धत सर्वांत कमी तापवते. एकाच लाव्हा-प्रवाहाचे अनेक तुकडे एकाच मर्यादित तापमानाला, पण वेगवेगळ्या क्षेत्रांत तापवले जातात. कणांच्या आकाराचा तिच्यावर परिणाम होत नाही हा मूळ दावा टिकला नाही आणि 2010 मध्ये तिला दुरुस्त्या जोडाव्या लागल्या. शिवाय सर्व तुकड्यांचे मिळून एकच उत्तर निघत असल्याने एखादा बिघडलेला तुकडा ओळखून बाजूला काढणे कठीण जाते. एकट्या या पद्धतीवर मी प्रबंध उभा करणार नाही.

दख्खनच्या बेसाल्टावर काम करणाऱ्याने थेलिए ही मुख्य पद्धत ठेवून त्याच गाभ्याच्या (खडकातून छिद्र पाडून काढलेल्या दंडगोलाच्या) शेजारच्या तुकड्यांवर शॉ पद्धत चालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही पद्धतींची गृहीतके वेगळी असल्याने त्यांच्या जुळण्याला अर्थ आहे. उत्तरे जुळली नाहीत तर त्यांची सरासरी न काढता त्या प्रवाहाचा निकाल सोडून द्यावा. मात्र निम्मे यश नमुना निवडतानाच ठरते. घाटमाथ्यावरील उघड्या कातळाचे चुंबकत्व विजा पडून बिघडलेले असू शकते, म्हणून खाण किंवा रस्त्यासाठी नव्याने फोडलेली दरड बरी. झिओलाइटांनी (पोकळ्यांत नंतर साचलेल्या खनिजांनी) भरलेला प्रवाहाचा सच्छिद्र वरचा थर आणि तांबड्या मातीच्या थराजवळचा कुजलेला भाग टाळून मधला घट्ट दगड घ्यावा. टायटॅनियम अधिक असलेले कण तापवताना लवकर बदलतात. म्हणून तापवताना आणि निवताना चुंबकग्राह्यतेचे (नमुना बाह्य क्षेत्राने किती सहज चुंबकित होतो याचे) वक्र एकमेकांवर बसत नसतील तर तो नमुना तेथेच थांबवावा.

अतिसंवेदनशील चुंबकमापक उपलब्ध असेल तर प्लॅजिओक्लेज या बेसाल्टातील फेल्डस्पार खनिजाचे सुटे स्फटिक वापरण्याचा मार्गही खुला होतो, कारण स्फटिकात बंदिस्त राहिलेले सूक्ष्म चुंबकीय कण कमी बदलतात. झारखंडमधील राजमहाल बेसाल्टाच्या अशा स्फटिकांवरून 2001 मध्ये सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीचे पृथ्वीचे चुंबकीय द्विध्रुव, म्हणजे दोन ध्रुवांच्या चुंबकासारखे तिचे बळ, आजच्या सुमारे दीडपट असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. कसारा घाटाच्या परिसरात मोठ्या प्लॅजिओक्लेज स्फटिकांचे बेसाल्ट आहेत, आणि ते या दृष्टीने अजमावून पाहण्याजोगे आहेत.

कोणतीही पद्धत घेतली तरी सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या दख्खनच्या दगडाला हात लावण्यापूर्वी ती ज्ञात उत्तरावर तपासावी. अंदमानच्या बॅरन बेटावरील ज्वालामुखीचा 1991 नंतरचा लाव्हा मिळवता आला, तर त्या वेळचे तेथील क्षेत्र जागतिक प्रारूपावरून काढता येते आणि आपल्याच प्रयोगशाळेची चूक किती हे आकड्यात कळते.