घरी बसवलेला पुढचा हब: बोलेरो, नऊ महिने, १२,००० किमी

डिस्क-पॅड बदलल्यावर पॅडल खोल जायला लागलं की बरेच जण लगेच लाइनमधली हवा काढायला बसतात. ज्या गाडीच्या पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा मधला भाग) दोन टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरची) असतात, तिथे आधी चाक जॅकवर उचलून प्ले, म्हणजे हबचा सैलपणा, बघावा. हब सैल असेल तर वळणावर आणि खड्ड्यात डिस्क कलते, पॅडसकट पिस्टनला आत ढकलते, आणि पुढच्या वेळी पॅडलचा अर्धा दाब ती फट भरण्यातच जातो. या कामात सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो हब धरून ठेवणाऱ्या मधल्या नटाला.

हा अनुभव टू व्हील ड्राइव्हचा आहे. फोर व्हील ड्राइव्हच्या हबची रचना वेगळी, तिथे ही पद्धत लावू नये.

नुसते पॅड बदलायला हब काढावा लागत नाही. डिस्क हबला मागून बोल्टने धरलेली असते, त्यामुळे डिस्कसाठी तो उतरवावाच लागतो. दोन्ही बाजूंना मिळून २ नवीन ऑइल सील, २ नवीन स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालायच्या) आणि ५०० ग्रॅम लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस (एनएलजीआय २, म्हणजे घट्टपणाची श्रेणी) घेतलं, ग्रीस उरलं. जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढावं. दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर पातळ होऊन सीलमधून पाझरू शकतात. बेअरिंग धुतल्यावर हवेच्या झोताने गरगर फिरवू नये. रोलरवर निळसर डाग किंवा कपात (बेअरिंगचं बाहेरचं कडं) खाचा दिसल्या तर कप आणि कोन (रोलरसकट आतलं कडं) जोडीनेच बदलावेत. नव्या कोनाला जुना कप चालत नाही.

हबच्या ज्या तोंडावर डिस्क बसते तिथला गंज पूर्ण खरवडावा. तिथे पापुद्रा राहिला की डिस्क लपकते आणि ब्रेक मारताना पॅडल पायाखाली थरथरतं.

ग्रीस तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबत, ते वरून रोलरमधून बाहेर येईपर्यंत भरावं. हबच्या पोकळीत एक तृतीयांश ते अर्धं पुरे. जास्त भरलं तर गरम होऊन सील ढकलतं. सीलची ओठाची बाजू ग्रीसकडे, आणि सील सपाट लाकडी ठोकळ्याने सरळ ठोकावं.

आता नट. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) अजून बसवायचा नाही, कारण पॅड घासत असतील तर चाकाचा जडपणा बेअरिंगचा की पॅडचा हे कळतच नाही. जिभेचा वॉशर एक्सलच्या खाचेत नीट बसला पाहिजे. तो नसेल तर कोन फिरताना नटालाही फिरवतो. हब हाताने फिरवत नट २५ ते ३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण ढिला करून फक्त बोटांनी घट्ट. पिनचं छिद्र जुळलं नाही तर जवळच्या खाचेपर्यंत ढिलं करावं, आवळू नये. डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) ०.०३ ते ०.१२ मिमी प्ले यायला हवा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. जास्त आवळलेलं बेअरिंग आधी काही सांगत नाही. ग्रीस जळल्यावर घरघर सुरू होते, तोवर कप गेलेला असतो.

कॅलिपर बसवून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबावं. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिले काही दाब पोकळच जातात. ही पायरी विसरली तर अंगणातच गाडी भिंतीवर जाईल.

१०० किमीनंतर प्ले पुन्हा तपासला. नव्या सीलमुळे आणि ग्रीसमुळे थोडा फरक पडतो. १० किमी कमीत कमी ब्रेक वापरून चालवल्यावर दोन्ही हब सारखेच कोमट लागले, आणि हीच खरी चाचणी. एक बाजू हात लावता न येण्याइतकी तापली तर नट किंवा अडकलेला कॅलिपर.

नऊ महिन्यांत आंबेनळी घाट अनेकदा झाला, अख्खा पावसाळा पाण्यातून गेला. आतले-बाहेरचे पॅड सारखे झिजले आहेत, पॅडल पहिल्या दिवसाइतकंच वर आहे. डाव्या हबमागे मात्र सहाव्या महिन्यात ग्रीसची ओल दिसली. सील किंचित तिरकं ठोकलं गेलं होतं. ग्रीस डिस्कपर्यंत पोहोचण्याआधी सील बदललं. पॅडला लागलं असतं तर पॅडही फेकावे लागले असते, ते धुऊन वापरता येत नाहीत.

पुढची तपासणी २०,००० किमीला, तेव्हा स्प्लिट पिना पुन्हा नव्याच.