बंदूक उचलायची की पत्र्याचा डबा बडवायचा?

मामा गेल्यावर त्याची ठासणीची बंदूक मामेभावाच्या नावावर झाली आणि तेव्हापासून भावाचं एकच चाललंय, रानात कुणा अनोळखी माणसावर जनावर आलं आणि मी तिथे बंदूक घेऊन असलो तर बार काढू की नको? आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हा प्रश्न रिकामटेकड्यांचा नाही, म्हणून दोन्ही बाजू लिहितोय.

आधी कायदा, कारण सगळे तिथेच घाबरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ११ सांगतं की स्वतःला किंवा दुसऱ्या कुणालाही वाचवायला प्रामाणिकपणे जनावर मारलं तर तो गुन्हा नाही, म्हणजे अनोळखी माणूसही त्यात आला. मेलेलं जनावर मात्र सरकारचं. पण मेख पुढे आहे, त्या वेळी तू स्वतःच या कायद्याखालचा काही गुन्हा करत असशील तर ही सूट मिळत नाही, आणि अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच मुळात गुन्हा. म्हादई १९९९ पासून अभयारण्य आहे, हद्द पायवाटेवर कुठे सुरू होते ते आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? शिवाय अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेवाल्याने नाव नोंदवायचं असतं, मामाने ते केलं होतं का कुणालाच आठवत नाही, ट्रंकेत कागद शोधणं चाललंय.

आता प्रत्यक्ष रानातलं. गवोरेडो म्हणजे गवा, आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, मोठा नर हजार किलोच्या आसपास जातो, डुकरासाठी भरलेल्या छर्‍यांनी तो पडत नाही, नुसता पिसाळतो, आणि ठासणीत बार एकच, परत दारू घालून, ठासून, छर्रे टाकून, केप (बार पेटवणारी टोपी) बसवेपर्यंत मिनिटभर तरी जातं. तेवढ्यात समोरच्या माणसाचं काय आणि तुझं काय!

दुसरी बाजू २०२४ च्या काजूच्या दिवसांत बघितली. लोकसभेची आचारसंहिता लागलेली, बंदूक पोलीस स्टेशनात जमा, आणि नेमका तेव्हाच गवा बागायतीत. दोडामार्गाकडची एक बाई वाकून बोंडं वेचत होती, वीसेक पावलांवर तो, मान खाली, फुसफुसतोय. मी कोयत्याने रॉकेलचा रिकामा डबा बडवायला लागलो, भाऊ ओरडला, "मावशी, झाडामागे व्हा, धावू नका!" ती जुन्या काजूच्या बुंध्यामागे सरकली, गवा दोन पावलं पुढे आला, थांबला आणि वरच्या अंगाने निघून गेला, कारण ती बाजू आम्ही मोकळी सोडली होती. तिथे बघ्यांची गर्दी असती तर डबाही कामाला आला नसता.

बिबट्या किंवा अस्वल माणसाला धरून बसलंय, ओरडून, दगड मारूनही सोडत नाही, तर मी बंदुकीच्या बाजूने आहे. पण दुरून नाही, छर्रे पसरतात आणि दोघं एकमेकांत गुंतलेले असतात. नळी जनावराच्या बरगडीला टेकेल इतकं जवळ जायची हिंमत असेल आणि पलीकडे कुणी नसेल तरच. हवेत बार काढणं हा मधला मार्ग, आवाजाने जनावर बहुतेक सरकतं, नाही सरकलं तर हातात रिकामी नळी.

कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर असेल तर बंदूक विसर, पाण्यावर आपटून छर्रा कुठेही उडतो. आणि किनार्‍यावरच्या भटक्या कुत्र्यांसाठी तर काढूच नकोस, कुत्र्याला कलम ११ लागू नाही आणि गर्दीत निष्काळजीपणे बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातलास तर आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद. छत्री, बादलीभर पाणी पुरतं, चावलाच तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवायची आणि लगेच लस.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, डब्याला गंज लागलाय, नवीन बघायला हवा. सोमवारी वाळपईला जाणारच आहे, तिथेच नोंदणीचंही विचारून येतो म्हणाला.