२३,६५० ला पडलेला "३२ बिट फ्लोट", रेकॉर्डर घेणाऱ्यांनी वाचा

लिहू की नको करत तीन आठवडे घालवले, कारण लाज वाटते. ओळखीतले सगळे "कुठला माईक घेऊ रे" म्हणून ज्याला विचारतात तोच गंडला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं. पण ज्या जाहिरातीला भुलून मी नकली ऑडिओ रेकॉर्डर घेतला, तीच काल परत दिसली आणि डोकं फिरलं. एकूण गेले २३,६५०. आधी ५,००० बुकिंगचे, मग १५,४००, आणि मग ३,२५० "पार्सल इन्शुरन्सचे, डिलिव्हरी झाली की परत". हो, शेवटचं वाचून हसाल. हसा.

आम्ही तिघं फिरत फिरत गाण्यांचे व्हिडिओ करतो. एक गाणारी, एक गिटारवाला आणि कॅमेरा-साउंड दोन्ही मी. नदीकाठी, डोंगरावर, बोगद्यात, जागा आवडेल तिथे, आणि जे गायलं तेच ठेवायचं, नंतर डबिंग नाही. आता आमची गाणारी पहिल्या कडव्यात कुजबुजते आणि तिसऱ्यात आभाळ फाडते, आणि मी तेव्हा कॅमेरा धरून उलटा चालत असतो, गेनचं, म्हणजे आवाज किती घ्यायचा ते ठरवणारं, बटण कोण फिरवणार? म्हणून ३२ बिट फ्लोट हवा होता. आत आवाजाचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी एक मोठ्यासाठी, दोन्ही जोडून एक फाईल होते, त्यामुळे लेव्हल शून्याच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर गेली तरी घरी येऊन खाली ओढता येते. झूम कंपनीचा एफ३ रेकॉर्डर २०२२ साली आला तेव्हापासून डोळ्यापुढे होता, माईक जोडायला दोन एक्सएलआर सॉकेट, गेनचं बटणच नाही, दोन एए सेलवर चालतो. पण नवा झेपत नव्हता, सेकंडहँड मिळत नव्हता आणि निघायला चार दिवस उरले होते.

तेवढ्यात सेकंडहँड सामानाच्या ॲपवर हा डबा दिसला. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण वर्णन झकास: ड्युअल एडीसी (म्हणजे तेच दोन कन्व्हर्टर), ३२ बिट फ्लोट, ४८ व्होल्ट फँटम (रेकॉर्डरमधून माईकला मिळणारी वीज), सोबत दोन छोटे कंडेन्सर माईक, केसाळ विंडकव्हर आणि २५६ जीबीचं कार्ड. मी काही लॉटरी लागली म्हणून पैसे भरणारा माणूस नाही. डझनभर प्रश्न विचारले, सॅम्पल मागितलं, विकणाऱ्याने पाच मिनिटांत पाठवलं.

आणि इथेच. इथेच कळायला हवं होतं. अकरा सेकंदांची फाईल, कोणीतरी हळू बोलतंय आणि सातव्या सेकंदाला जोरात ओरडतंय. एडिटिंगच्या ॲपमधे उघडली, ३२ बिट फ्लोट लिहून येतंय, खूश. झूम केलं तर ओरडण्याच्या जागी लाटांची टोकं पट्टीने कापल्यासारखी सपाट. आवाज कमी करायचा फेडर खाली ओढला, लाट बारीक झाली, टोकं सपाटच. खऱ्या फ्लोटमधे ती गोल होऊन बाहेर यायला पाहिजेत, हे मी स्वतः दहा लोकांना शिकवलंय. आणि मी काय केलं? म्हटलं, माईकच्या अगदी तोंडाजवळ ओरडला असेल, कॅप्सूलच फाटली असेल, त्याला रेकॉर्डर काय करणार. तांत्रिकदृष्ट्या चूक नाही हो, माईक स्वतः क्लिप झाला, म्हणजे आवाज त्याच्यातच फाटला, तर फ्लोट वाचवत नाही. म्हणजे त्याच्या खोटेपणाचं स्पष्टीकरण त्याने दिलंच नाही, मीच शोधून दिलं, आणि वर अर्ध्या तासात बाकीचे १५,४०० पाठवले. अजून रात्री आठवलं की उठून बसतो.

ॲपच्या बाहेर पैसे का दिले? कारण तो म्हणाला ॲपवाले कमिशन कापतात, थेट दिलेत तर त्यात माईक फुकट. बास, एवढंच. तुम्हाला कोणी कमिशनचं गाणं सुनावलं की तिथेच चॅट बंद करा.

पार्सल आलं निघायच्या आदल्या रात्री, तेव्हा टेस्ट म्हणजे हॅलो हॅलो. प्रवासातल्या दुसऱ्या दिवशी तिने वरचा सूर लावला आणि फाईलमधे करवत. आत साधा एक कन्व्हर्टर आहे, आवाज आधीच फाटतो आणि मग ती फाटलेली फाईल फ्लोटच्या पिशवीत घालून देतात. पिशवीवर काय छापलंय ते फाईलची प्रॉपर्टी सांगते, आत काय आहे ते नाही. परत आल्यावर मल्टिमीटर लावला, एक्सएलआरच्या पिन १ आणि २ मधे ४८ च्या जागी १२ व्होल्ट. हे घेण्याआधी करा, समोर बसून करा, विकणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.

पण खरा घाव कार्डाचा. २५६ म्हणून दिलेलं कार्ड आतून ८ जीबीचं. ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ ३२ बिटला मिनिटाला साधारण २३ एमबी लागतात, म्हणजे पावणेसहा तासांत भरलं, आणि पुढचं सगळं पोकळीत. फाईलची नावं दिसतात, साइज दिसते, वाजवली की शांतता. तीन दिवसांचं गाणं गेलं, त्यात बोगद्यातला तो टेक जो परत होणार नाही. सोबत फुकट आलेलं कार्ड आधी एचटूटेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं विंडोजचं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरून बघा. मॅक किंवा लिनक्सवर असलंच एक सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव पण एफ३, नशिबाची थट्टा बघा. आणि रेकॉर्ड करताना हेडफोनमधे ऐकू येतं ते कार्डावर गेलंच असं नाही, प्रत्येक टेकनंतर प्ले करून ऐका. मी ऐकलं नाही कारण उजेड जात होता.

आता तक्रारीचं. ॲपवाल्यांना लिहिलं, चार वेळा तेच उत्तर, शब्द न बदलता: व्यवहार आमच्या बाहेर झाला, जबाबदारी नाही. अहो पण जाहिरात तर तुमच्याकडे आहे ना, ती तरी काढा. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकला, म्हणजे संमती होती. मग पोलीस स्टेशन, सव्वादोन तास बाकावर. तिथल्या साहेबांनी डबा उलटासुलटा करून विचारलं, "वस्तू मिळाली ना? चालू होते ना? मग फसवणूक कसली?" मी फ्लोट समजावायला लागलो तर म्हणाले, "फ्लोट म्हणजे पाण्यात टाकायचं असतं का?" बाहेर येऊन मीच हसलो, काय करणार. लेखी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्केवाला जेवायला गेलाय. दुसऱ्या दिवशी परत गेलो, अर्जच सापडेना, नवीन लिहा. लिहिला. त्यावर कोणाचा फोन नाही, आणि मी केला की "साहेब बंदोबस्ताला". म्हणजे काही न पाठवता पैसे खाल्ले असते तर निदान गुन्हा तरी झाला असता, डबा पाठवला म्हणून तो सुटला!

हो, चॅट ॲपमधेच ठेवा, फोनवर बोलू नका. त्याचं "खरा फ्लोट आहे, गॅरंटी" हे वाक्य फोनवरचं आहे, माझ्याकडे त्याचा पुरावा शून्य.

काल दिसलेली जाहिरात नवीन नावाने आहे, फोटो तेच, कोपऱ्यावरच्या ओरखड्यासकट, आणि तो डबा इथे माझ्या टेबलावर पडलाय. किंमत आता १७,९००, "थोडं कमी-जास्त होईल". रिपोर्ट केला, सकाळी उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तेव्हा तुम्हाला कोणी अकरा सेकंदांचं सॅम्पल पाठवलं, आधी कुजबुज आणि मग ओरडणं, तर सातव्या सेकंदाला झूम करा.