चौदा घटकांचं सीरम आणि आयोडीनचा एक थेंब

१२,६८९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण लाजेपोटी आकडा गिळून बसणाऱ्या आपल्यासारख्यांच्या जिवावरच हे धंदे चालतात. त्यातले ८,९४९ चेहऱ्याला लावायच्या सीरमपायी गेले आणि ३,७४० त्या सीरमने केलेलं निस्तरण्यात. आणि हो, मी शाळेत विज्ञान शिकवते. सव्वीस वर्षं झाली. दहावीच्या पोरांच्या डोक्यात ऑक्सिडीकरण-क्षपण घालणारी बाई. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या.

धंद्याची रीत तुम्हाला ठाऊक आहेच, मलाही होती. सँपल फुकट, फक्त शिपिंग भरा, मग फोन, मग 'कोर्स'. दुसऱ्यांना मी स्वतः सावध केलंय अशा गोष्टींपासून. पण मे महिन्यात भाच्याचं लग्न झालं कोल्हापुरात, त्याचे फोटो आले, आणि धाकट्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ताई, हल्ली झोप होत नाही का हो?" एवढंच. बावन्नाव्या वर्षी असं वाक्य कसं लागतं ते ज्यांना लागलंय त्यांनाच कळेल. मी काही नटवी बाई नाही. पार्लरची पायरी वर्षातून दोनदा चढते, तीही लग्नकार्य असेल तर.

त्यात जाहिरात मराठीतून. पैठणी नेसलेली, साधारण माझ्याच वयाची बाई, आणि 'चौदा घटक, एकच बाटली'. व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, रेटिनॉल, पेप्टाइड, हायलुरोनिक ॲसिड, काय हवं ते. मी हिशेब घातला, मास्तरकीची खोड. मेडिकलमध्ये यातल्या एकेका घटकाची चांगली बाटली पाच-सहाशेला पडते; इथे चौदा घटक १,८५० ला. स्वस्त वाटलं! खरं तर तिथेच उलटा विचार करायला हवा होता. चौदा चांगल्या गोष्टी खरोखर पुरेशा प्रमाणात घालून त्या भावात विकणं कुणाला परवडेल? नावं चौदा घालता येतात. चिमूटभर घातलं तरी नाव छापता येतं.

१४ जूनला, नुकतीच शाळा सुरू झालेली, मधल्या सुट्टीत मी सँपलचे १४९ रुपये भरले. घंटा झाली होती, चष्मा टेबलावर होता, पिन टाकला. त्या पानावर १४९ च्या खाली बारीक अक्षरांत ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची, परवानगी होती: दरमहा १,८५० पर्यंत. पिन एकच, मान्यता दोन गोष्टींना. पुढे कळलं की याला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' असं रीतसर नाव आहे आणि २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने काढलेल्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ग्राहकाला फसवून होकार काढून घेणाऱ्या युक्त्यांच्या) मार्गदर्शक तत्त्वांत हे तेरा प्रकारांपैकी एक म्हणून छापलेलंही आहे. छापलेलं आहे, बरं का. त्याने काय झालं ते पुढे सांगते. तूर्त वाचन थांबवून आपल्या यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी उघडून बघा. खरंच बघा, मी थांबते.

आठवड्याने फोन. "मॅम, मी तुमची स्किन एक्स्पर्ट बोलतेय." गोड पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची. सँपलने चेहरा थोडा उजळ दिसतोय असं मी म्हटल्याबरोबर, "म्हणजे मॅम तुमची स्किन रिस्पॉन्सिव्ह आहे, आता मध्ये सोडू नका." तीन बाटल्यांचा नव्वद दिवसांचा कोर्स, ५,५५० चा, मला ४५० सोडून ५,१०० ला, पण आज रात्री बारापर्यंतच. मी भरले. ह्यांना सांगितलं नाही. ते काही बोलले असते असं नाही, पण सांगितलं नाही.

आता तो क्षण. तीन महिने झाले, अजून रात्री दोनला जाग येते ती या आठवणीने.

खोका आला. मी चष्मा लावून, खिडकीपाशी उभी राहून, घटकांची यादी वाचली. मुद्दाम वाचली, कारण मी वाचणारी बाई आहे ना! यादी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने होती. ॲसिटाइल हेक्झापेप्टाइड पहिलं, मग ॲलँटोइन, मग ॲस्कॉर्बिक ॲसिड, असं करत करत 'व्हिटॅमिन ई' आणि सगळ्यात शेवटी 'वॉटर'. आणि माझ्या मनात काय यावं? 'किती व्यवस्थित लिहिलंय.' शाळेचं हजेरीपत्रक बघून येतं तसं समाधान आलं मला.

अहो, पाण्यासारखं पातळ सीरम आणि पाणी शेवटी? आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक जास्तीकडून कमीकडे असे उतरत्या क्रमानेच छापावे लागतात. १ टक्का किंवा त्याखालचे मागून कोणत्याही क्रमाने. म्हणजे असल्या सीरमवर पाणी पहिलं किंवा पहिल्या दोन-तीनांत यायलाच हवं. मुळाक्षरांनी लावलेली यादी म्हणजे प्रमाण लपवलेली यादी. नियम माहीत नसू दे, पण द्रावण म्हणजे काय, द्रावक कोण, द्राव्य कोण, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी दिसलं नाही. पाण्यासाठी लेबलांवर वापरतात तो 'ॲक्वा' हा शब्द छापला असता तर निदान योगायोगाने वरच्या ओळीत तरी आलं असतं, आणि मला स्वतःला माफ करता आलं असतं.

खोक्यावर आणखीही होतं. '२० टक्के व्हिटॅमिन सी, १० टक्के नायसिनामाइड, ५ टक्के रेटिनॉल'. कॉस्मेटिकमधलं रेटिनॉल साधारण १ टक्क्याच्या आतच असतं, बरेचदा त्याहून पुष्कळ कमी. खरंच ५ टक्के असतं तर गालाची सालं निघाली असती. उत्पादकाचा लायसन्स नंबर नाही, फक्त 'मार्केटेड बाय' आणि परराज्यातल्या एका गावाचं नाव. 'कोरियन टेक्नॉलॉजी' म्हणून मोठ्या अक्षरांत, पण आयात करणाराचं नाव-पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. बाहेरून आलेल्या मालावर ते दोन्ही लागतं. त्याऐवजी सोनेरी शिक्का. शिक्के छापायला काय, आमच्या गावातला पत्रिकावालाही देईल छापून.

(यादी खरी असेल तर वाचायची एक सोपी खूण, पुढे ज्यांच्याकडे जावं लागलं त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितली. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवायचं रसायन शोधा. ते १ टक्क्याच्या वर घालत नाहीत. त्याच्यानंतर जे जे आलं ते १ टक्का किंवा कमी. रेटिनॉल, पेप्टाइड तिथे असली तर चालतं, ती थोडीच लागतात. पण '१० टक्के नायसिनामाइड' म्हणणाऱ्याचं नायसिनामाइड तिथे मागे दिसलं, तर बाटली खाली ठेवा.)

लावायला लागल्यावर आठ-दहा दिवसांत चेहरा तुकतुकीत. स्टाफरूममध्ये विचारणा सुरू. दोघींना मी नाव सांगितलं, देवाच्या कृपेने दोघींनीही घेतलं नाही. जुलै, ऑगस्ट लावत राहिले. गौरी-गणपतीला गावी गेले, बाटली इकडेच राहिली. चौथ्या दिवशी गाल पेटले. लाल, तिखट हात लावल्यासारखी आग, हनुवटीवर पुटकुळ्या. गौरीच्या जेवणाला मी पदर ओढून बसले होते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा पहिलाच प्रश्न: "पहिल्या आठवड्यातच फरक पडला होता का?" मी अभिमानाने हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "तिथेच शंका यायला हवी. रेटिनॉलसारख्या घटकालाही सुरकुत्यांवर काम करायला बारा-बारा आठवडे लागतात." बंद केल्यावर चेहरा असा पेटणं, त्यांच्या मते, स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमचं लक्षण. तपासणीशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या. म्हणून मीही खात्रीने म्हणत नाही. स्टिरॉइडची कितीतरी मलमं २०१८ पासून अनुसूची 'एच'मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायलाच नकोत. तीन फेऱ्या, प्रत्येकी ७००, म्हणजे २,१००. औषधं १,६४०.

त्याच सुमारास पासबुक भरून आणलं, आणि १४ जुलै, १४ ऑगस्ट, दोन्ही तारखांना १,८५० गेलेले दिसले. ३,७००, आणि त्याबदल्यात माल शून्य. आदल्या दिवशी सूचनेचा मेसेज आला होता दोन्ही वेळा. रोज वीस मेसेज येतात हो. कोण वाचतं?

मग डोकं फिरलं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबले. पाण्यात स्टार्च, त्यात आयोडीनचा थेंब, झालं गडद निळं. व्हिटॅमिन सी त्यात पडलं की ते आयोडीनचं क्षपण करतं आणि निळा रंग जातो. हे मी मुलांना लिंबाने करून दाखवते. लिंबाचे चार थेंब टाकले, रंग गेला. सीरमचे चार थेंब टाकले, निळंच. दहा टाकले, निळंच. अर्धा ड्रॉपर रिकामा केला, नुसतं फिकं झालं, पाण्याने होतं तेवढं. '२० टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड' म्हणे! आम्लता मोजायचा पीएच पेपर बुडवला (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साडेसहा-सातच्या मध्ये कुठेतरी. एवढं ॲस्कॉर्बिक ॲसिड खरं असतं तर ३ च्या आसपास हवा होता. साडेतीनच्या वर ते त्वचेत नीट शिरतच नाही. आणि पारदर्शक बाटली दोन महिने कपाटावर उजेडात उभी, तरी द्रव पाण्यासारखा स्वच्छ. खरं व्हिटॅमिन सी कापलेल्या सफरचंदासारखं पिवळं-तपकिरी पडतं. सगळं माझ्याच हाताखाली होतं. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

(घरी करायचं असेल तर जखमेला लावायचं बीटाडीन पाण्यात पातळ करून त्यात थेंब टाका. रंग गेला म्हणजे व्हिटॅमिन सी आहेच असं नाही, दुसऱ्या रसायनांनीही जातो, आणि व्हिटॅमिन सीचे काही बदललेले प्रकार लगेच रंग घालवत नाहीत. पण लेबलवर 'एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड' आहे आणि रंग हलत नाही, तर समजा.)

आता सरकारदरबारची वारी. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, "मॅडम, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? आवडला नाही म्हणा." पुढे, माझ्या चेहऱ्याकडे बघून, "आमच्या मिसेस बेसन लावतात." सायबरवाल्यांनी सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, हे ग्राहकांचं प्रकरण. बँकेत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ऑटोपे ॲपमधून बंद करा, गेलेले कंपनीकडे मागा. कंपनीचा व्हॉट्सॲप नंबर तोवर बंद, ईमेल परत येतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. अधिकारीच नसेल तर ४८ तास कुणाचे मोजायचे? ग्राहक हेल्पलाइनवर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला. एकवीस दिवसांनी मेसेज: संबंधितांकडे पाठवली, तक्रार बंद. मी फोन केला तर ती मुलगी म्हणते, मॅम, नवीन तक्रार टाका. टाकली. तीही बंद.

औषध खात्याच्या कार्यालयात तर कळस. तीन टेबलं. पहिल्याने विचारलं, "सौंदर्यप्रसाधन आमच्याकडे येतं का?" तुमच्याकडेच येतं हो, १९४० च्या कायद्याच्या नावातच आहे, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने! दुसऱ्याने फोडलेली बाटली नाकारली. मी तिसरी सीलबंद पुढे केली तर, "खाजगी माणसाचा नमुना घेत नाही." कलम २६ प्रमाणे विकत घेणाऱ्या कुणालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, असं मी म्हटल्यावर तिसऱ्याने साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब दौऱ्यावर. मंगळवारी गेले, दौऱ्यावर. शुक्रवारी गेले, मीटिंगमध्ये. वकिलाकडे गेले तर नोटिशीसकट ८,००० मागितले, ८,९४९ परत मिळवायला.

वकिलाशिवायही होतं, ते नंतर कळलं. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, दोन वर्षांची मुदत असते. मी ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, भरायला घेतलंय. खोका, बिल, त्या पोरीचे कॉल, मेसेज, सगळं ठेवा. मी पहिला खोका रद्दीत घातला होता, दुसरा होता म्हणून वाचले. पैसे गेल्याचं लक्षात आल्या क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, माझ्यासारखं महिन्यांनी नाही. आणि कोणी 'मध्ये सोडू नका' म्हणालं की तिथल्या तिथे सोडा.

तिसरी बाटली फ्रिजमध्ये आहे, इडलीच्या पिठामागे, सीलबंद. साहेब सोमवारी भेटतील असं शिपायाने सांगितलंय. अर्धी रजा टाकली आहे. ही पाचवी.