मेश्टॅस्टिक: सांगलीत एक पावसाळा काढल्यावर

आधी हे आहे काय ते सांगतो. मेश्टॅस्टिक हे छोट्या रेडिओ बोर्डावर चालणारं मुक्त सॉफ्टवेअर. बोर्ड ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा, मोबाइलवर मजकूर टाइप करायचा. बोर्ड तो ‘लोरा’ या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओ पद्धतीने हवेत सोडतो आणि समोरच्याचा बोर्ड तो पकडून त्याच्या मोबाइलवर दाखवतो. मध्ये सिम नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही, ओटीपी नाही. फोटो जात नाही, आवाजही जात नाही. २०२० साली केविन हेस्टर नावाच्या प्रोग्रामरने हे सुरू केलं, आता जगभरचे हौशी लोक मिळून पुढे नेतात. उन्हाळ्याच्या शेवटी मी चार बोर्ड घेतले. आता ऊस तोडणीला आलाय, म्हणून लिहितोय.

सांगलीत असलं काही का घ्यायचं हे फार समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. इथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. वीज तोडल्यावर टॉवर बॅटरीवर किती वेळ तग धरणार? वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाकडे फोन असतो, चार्जिंगही थोडं असतं, फक्त फोन लागत नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा काही जणांनी ठरवलं की पुढच्या वेळी आपल्या आपल्यात तरी काही सोय हवी. ठरवायला काय जातंय, प्रत्यक्षात यायला वर्षं गेली.

दुसरं कारण माझं स्वतःचं. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि या धंद्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांवरचा विश्वास हळूहळू उडतोच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे चालतं मशीन एका अटीमुळे जुनं ठरतं. एका गिऱ्हाइकाचा घराबाहेरचा कॅमेरा (कंपनीचं नाव घेत नाही) ठणठणीत होता, पण कंपनीने सर्व्हर गुंडाळल्यावर लॉगिन करायलाच काही उरलं नाही. विकत घेतलेली वस्तू, बटण मात्र दुसऱ्याच्या हातात.

व्हॉट्सअ‍ॅपचं तर सगळ्यांना माहीत आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडले, ते जवळजवळ सहा तास. हल्ला वगैरे काही नव्हता. देखभालीच्या एका कमांडने कंपनीचंच अंतर्गत जाळं तुटलं आणि तिच्या डीएनएस सर्व्हरांनी (नावावरून साइटचा पत्ता सांगणाऱ्या) इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता काढून घेतला. आमच्या गल्लीचा पूर-गट व्हॉट्सअ‍ॅपवर. तो दिवस ऑक्टोबरऐवजी ऑगस्टमधला असता तर? २०२१ च्याच ‘मान्य करा नाहीतर सोडा’ छाप प्रायव्हसी पॉलिसीवरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक मेटा हिला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. पण म्हणून कुणी व्हॉट्सअ‍ॅप सोडलं का? मीही नाही सोडलं. सगळे तिथेच आहेत, जाणार कुठे?

तर बोर्ड. हेल्टेक कंपनीचे तीन व्ही३ आणि रॅक कंपनीचा एक विसब्लॉक. दोन्हींत रेडिओची चिप एकच, सेमटेकची एसएक्स१२६२. फरक मुख्य प्रोसेसरात. हेल्टेकमध्ये ईएसपी३२, रॅकमध्ये एनआरएफ५२८४०. हेल्टेक दोन-अडीच हजारांत पडला, रॅक बराच महाग. हा फरक कुठे वसूल होतो ते पुढे येईलच.

पहिल्यांदा चालू करताना तीन गोष्टी पाळा. अँटेना लावल्याशिवाय बोर्डाला वीज देऊ नका, रेडिओचा शेवटचा टप्पा जळू शकतो. बॅटरीच्या त्या बारीक सॉकेटचं प्लस-मायनस मल्टीमीटरने बघून घ्या. बाजारात मिळणाऱ्या तारांचा लाल-काळा क्रम दोन्ही तऱ्हेचा असतो. आणि सेटिंगमध्ये प्रदेश ‘इंडिया’ निवडा, तो निवडेपर्यंत बोर्ड काही प्रसारितच करत नाही.

सॉफ्टवेअर चढवताना मात्र हसू आलं. अधिकृत पानावरून थेट बोर्डात फर्मवेअर (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) टाकायची सोय आहे, पण पान म्हणतं क्रोम नाहीतर एज वापरा. ज्यांच्यापासून लांब जायचं त्यांच्याच दारातून आत! लिनक्सवर कमांड लिहून ते टाळता येतं, तसंच केलं. रॅकचा बोर्ड तर पेनड्राइव्हसारखा उघडतो, फाइल त्यात टाकली की झालं. अँड्रॉइडचं ॲप एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानात आहे, त्यामुळे प्ले स्टोअरमध्ये खातं नसलं तरी अडत नाही.

कायद्याचं नीट बघून घ्या, कारण ‘हॅम’ म्हणजे हौशी रेडिओ आणि हे एक नव्हे. हॅमला परीक्षा आणि परवाना लागतो, आणि तिथे गुप्त संदेश पाठवता येत नाहीत. हे बोर्ड ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना मोकळा आहे. मर्यादा एक वॉट, आणि बोर्डाची ताकद त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत. बारकावा असा की नियमात वाहक लहरीची (कॅरिअरची) रुंदी २०० किलोहर्ट्झ दिली आहे, आणि मेश्टॅस्टिकचं डिफॉल्ट सेटिंग ‘लाँग फास्ट’ २५० घेतं. आम्ही १२५ वाला ‘लाँग मॉडरेट’ लावला. वेग पडतो आणि डिफॉल्टवर असलेले बाहेरचे लोक ऐकू येत नाहीत. आमच्यापुरतं ते चालतं.

आता पल्ला, कारण पहिला प्रश्न तोच येतो. ‘किती किलोमीटर?’ या प्रश्नाला उत्तर नाही. समोर मोकळं असेल तर भरपूर, मध्ये आरसीसी असेल तर दोन गल्ल्या. मिरज तालुक्यात दंडोबाच्या डोंगरावर उभं राहून विश्रामबागच्या गच्चीवरच्या बोर्डाला संदेश टाकला, तो पहिल्या फटक्यात पोचला. तोच बोर्ड खिशात घालून मार्केट यार्डाच्या गाळ्यांत शिरलो तर ढिम्म. आपली सांगली सपाट, त्यामुळे खेळ सगळा उंचीचा. पाण्याच्या टाकीच्या स्टँडला जीआय पाइप बांधून अँटेना वर काढली आणि हरिपूरचा बोर्ड, जो आधी कधी लागायचा कधी नाही, तो कायमचा लागायला लागला. अँटेना महाग घेण्यापेक्षा पाइप लांब घ्या.

शेतातला अनुभव वेगळाच. मोटारीच्या खोलीवर एक बोर्ड ठेवला होता, सुरू हंगामातल्या उसाचं रान भोवती. जूनमध्ये सिग्नल छान. गणपतीपर्यंत ऊस अँटेनाच्या वर गेला, त्यात पानं पावसाने ओली, आणि तो बोर्ड दिसेनासा झाला. पाइप आणखी वर काढल्यावर परत आला. म्हणजे पीक बघून पाइप कापायचा.

निरोप पुढे सरकवायची रीत मला फार आवडली. कुठलाही बोर्ड निरोप ऐकल्यावर लगेच ओरडत नाही, थोडा थांबतो. ज्याला क्षीण ऐकू आलं, म्हणजे बहुधा जो लांब आहे, तो आधी बोलतो. जवळच्याने तेवढ्यात कुणी पुढे पाठवल्याचं ऐकलं तर तो गप्प बसतो. डिफॉल्टला अशा तीन उड्या, जास्तीत जास्त सात. म्हणून सगळ्यांनी हौसेने बोर्डाला ‘राउटर’, म्हणजे निरोप हमखास पुढे पाठवणारा, करू नये. उंचावरचा एखादा सोडला तर बाकीचे साधे ‘क्लायंट’ बरे.

मराठीत लिहिणाऱ्यांनी हे वाचाच. एका निरोपाला सुमारे दोनशे बाइटची जागा. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. नुसता ‘आयर्विन’ एवढा शब्द २१ बाइट खातो. म्हणजे साठ-पासष्ट चिन्हांत बोलणं संपवायचं. शिवाय आमच्या वेगाला भरलेला निरोप हवेत जायला सहा-सात सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. हेल्टेकच्या इवल्या स्क्रीनवर देवनागरी उमटतही नाही, मोबाइलवर मात्र व्यवस्थित दिसते. आम्ही शेवटी एक कागद लॅमिनेट करून प्रत्येक घरी फ्रीजवर लावला: पहिला आकडा पुलाची पातळी फुटांत, दुसरा वीज आहे की नाही, तिसरा घरात माणसं किती, चौथा काय हवंय. औषधाला १, पाण्याला २, होडीला ९. आकडे इंग्रजी, म्हणजे एकेक बाइट. माझ्या वहिनींना इंग्रजी टायपिंगचा कंटाळा, पण हे त्या माझ्यापेक्षा लवकर पाठवतात.

आणि एक फायदा. फोटो जात नसल्यामुळे ‘शुभ सकाळ’ नाही. पंधरा गटांतून फिरत आलेली ‘धरण फुटलं’ची क्लिपही नाही. कोयनेतून विसर्ग वाढला की व्हॉट्सअ‍ॅपवर जो गोंधळ उडतो त्यातलं इथे काहीच येत नाही, कारण यायला वाटच नाही.

पावसाने मात्र परीक्षा घेतली. गच्चीवरच्या हेल्टेकला छोटं सोलर पॅनेल आणि १८६५० मापाचा एक लिथियम सेल दिला होता. सलग तीन-चार दिवस झड लागली की तो मान टाकायचा. ईएसपी३२ वीज फार खातो. त्याच जागी रॅक लावला तर तो सगळ्या आषाढ-श्रावणात एकदाही बंद पडला नाही. किमतीतला फरक इथे वसूल झाला. पीव्हीसी जंक्शन बॉक्सची केबल बाहेर काढायची बाजू खाली ठेवा आणि सिलिकॉन हात आखडता न घेता लावा. हे करूनही आतून दमटपणा आला, आणि एका बॉक्सात मुंग्यांनी अंडी घातली.

या पावसाळ्यात पाणी घरात येण्यापर्यंत वेळ आली नाही, ते बरंच झालं. पण नदी चढत असताना एका संध्याकाळी वीज गेली आणि मोबाइलचं नेट रांगायला लागलं, तेव्हा हरिपूर, गावभाग आणि विश्रामबाग एकमेकांना दिसत होते. खऱ्या पुरात काय होईल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मधला एक बोर्ड पाण्यात गेला तर त्याच्या पलीकडचे तुटतात. होडी मागवायची तर शेवटी सरकारी यंत्रणेपर्यंत कुणीतरी पोचावंच लागतं.

हरिपूरचे दाजी पहिल्या दिवसापासून एकच विचारत होते. ‘फुकट आहे म्हणतोस, मग यात कमावतंय कोण?’ प्रश्न शंभर नंबरी आहे. बोर्ड विकणारे कमावतात. लोराची पद्धत ग्रनोबलच्या सिक्लिओ कंपनीची. ती सेमटेकने २०१२ मध्ये विकत घेतली आणि त्या तंत्राचे हक्क आजही तिच्याकडेच आहेत. सॉफ्टवेअर मुक्त आणि त्याखालची चिप एका कंपनीची, असा हा मामला. म्हणून ‘कंपन्यांपासून स्वातंत्र्य’ वगैरे घोषणा देणाऱ्यांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघतो. फरक एवढाच की विकून झाल्यावर सेमटेकला माझा बोर्ड बंद करता येत नाही आणि मी कुणाला काय पाठवलं ते तिला कळत नाही. मला तेवढं पुरतं. दाजींना अजून पुरेसं वाटत नाही.

मुक्त म्हणजे निर्धोक असंही नाही. डिफॉल्ट चॅनेलची किल्ली, म्हणजे निरोप गुप्त करणारा संकेत, सगळ्या जगाला माहीत असते. स्वतःचं चॅनेल बनवल्याशिवाय खासगी काही बोलू नका. २०२५ मध्ये उघड झालं की काही विक्रेत्यांनी एकच तयार फर्मवेअर अनेक बोर्डांवर छापल्यामुळे त्यांच्या गुप्त किल्ल्याही सारख्याच निघाल्या होत्या. दुरुस्ती फर्मवेअरच्या २.६.११ या आवृत्तीत आली. पण मोठ्या कंपनीची अशी चूक बाहेर यायला जे महाभारत घडतं ते इथे घडलं नाही, सगळं उघड्यावर झालं. बोर्ड आल्यावर आधी फर्मवेअर पुसून नवं टाका, मग किल्ल्या नव्याने बनवा. चॅनेलचा क्यूआर कागदावर छापून हातात द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका असं मी बजावलं होतं. दाजींनी टाकलाच. पुन्हा सगळ्यांच्या घरी जाऊन किल्ली बदलली, चहा मात्र चार घरी झाला.

अपडेटचा उत्साह ठेवू नका. आवृत्त्या भराभर येतात, कधी ॲप पुढे आणि बोर्ड मागे राहतो, मग ब्लूटूथची जोडणी रुसते. सुरक्षेची दुरुस्ती असेल तरच घ्या, आणि जून ते सप्टेंबर एरवी हात लावू नका.

कुणी घ्यावं? एकट्याने घेऊ नये, दोन बोर्ड घेऊन मजा बघून कपाटात जातील. चार-पाच घरं, त्यातलं एक उंच गच्चीचं, आणि वर चढून क्लॅम्प आवळणारा एक माणूस एवढं जमत असेल तर घ्या. गच्चीवर रॅक, घरात हेल्टेक. पहिला महिना रोज रात्री जेवणानंतर सगळ्यांनी एकेक निरोप टाकायचा, नाहीतर ऐन वेळी बोर्ड चार्ज नसतो आणि चार्जर कुणालाच सापडत नाही. आमच्याकडे अजून टाकतात, बहुधा कोण जेवायला काय केलंय तेच असतं. पुढच्या मे महिन्यात सांगलवाडीत एक बोर्ड बसवायचाय. तिकडे तीन मजल्यांची गच्ची आणि तयार मालक मिळाला तर कळवा.