‘द लास्ट स्टार’: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत हातात राहिलेलं पुस्तक

रिक यान्सीच्या ‘द फिफ्थ वेव्ह’ मालिकेतलं हे तिसरं आणि शेवटचं पुस्तक ऐन उन्हाळ्यात घरी आलं. दिवाळी झाली तरी ते अजून कपाटात गेलेलं नाही. आधी मी वाचलं, मग नीटच्या तयारीसाठी लातूरला आमच्याकडं राहिलेल्या भाचीनं, मग तिच्या क्लासच्या मैत्रिणींनी, आणि पावसाळ्यात परत मी. शेवटचं पान मिटल्या मिटल्या मत द्यावं असं हे पुस्तक नाही, म्हणून इतके महिने जाऊ दिले. एक आधीच सांगते, पुढं शेवट उघड केला आहे. मालिका कोरी वाचायची असेल तर पुढचे दोन परिच्छेद वाचून थांबलेलं बरं.

पहिलं पुस्तक २०१३ मध्ये आलं, दुसरं ‘द इन्फिनिट सी’ २०१४ मध्ये आणि हे मे २०१६ मध्ये. थेट तिसऱ्यापासून सुरुवात करू नका, काहीही हाती लागणार नाही. बऱ्याच जणांनी क्लोई ग्रेस मोरेट्झचा सिनेमा पाहिलेला असतो. तो २०१६च्या जानेवारीत आला होता आणि त्यात फक्त पहिल्या पुस्तकाची गोष्ट आहे. पुढचे भाग निघालेच नाहीत. त्यामुळं सिनेमावर थांबलेल्या माणसाला या गोष्टीचा खरा पेच कळतच नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. पृथ्वीवर एक प्रचंड यान येऊन थांबतं आणि एकामागून एक लाटा सुरू होतात. पहिल्या लाटेत वीज आणि सगळी यंत्रं बंद पडतात. दुसरीत समुद्र किनारे गिळतो. तिसरीत पक्ष्यांमार्फत रोग पसरतो. चौथ्या लाटेत माणसासारखेच दिसणारे मारेकरी येतात, त्यांना सायलेन्सर म्हणतात. पाचवी लाट म्हणजे वाचलेल्या मुलांच्याच हातात बंदुका देऊन त्यांना उरलेल्या माणसांवर सोडणं. या सगळ्यातून कॅसी सुलिव्हन नावाची मुलगी आपल्या लहान भावाला, सॅमला, शोधायला निघते. परग्रहवासीयांच्या कथांमध्ये एरवी दिसणारे चित्रविचित्र प्राणी इथं कुठंच नाहीत. शत्रूचा चेहरा शेजाऱ्यासारखा आहे, आणि तिन्ही पुस्तकं त्याच भीतीवर उभी आहेत.

तिसरं पुस्तक सुरू होतं तेव्हा यानातून उरल्यासुरल्या शहरांवर बॉम्ब पडायला चारच दिवस राहिलेत. माणसं विखुरलेली, जखमी, उपाशी. यान्सीची खरी ताकद इथं दिसते. दोन माणसं समोरासमोर येतात आणि पहिला प्रश्न असतो, याला गोळी घालू की याच्याशी बोलू? दुसऱ्या पुस्तकात हे फार क्रूर पद्धतीनं आलं होतं. वाट चुकलेलं लहान लेकरू दारात येतं, आणि त्याच्या घशात बॉम्ब बसवलेला असतो. समोरच्या माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की तो फुटतो. म्हणजे लेकराला जवळ घेतलं, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ‘रडू नको’ म्हटलं की संपलं. बायॉलॉजी घोकणाऱ्या आमच्या पोरींना त्यातलं शास्त्र पटापट कळलं, पण त्या पानावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मायेचाच चाप करून टाकायचा, ही कल्पना मी याआधी कुठं वाचली नव्हती.

शेवटच्या पुस्तकात त्याच तोडीची एक गोष्ट आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. छोटा सॅम आता ‘नगेट’ नावाचा सैनिक झालाय आणि बाराखडीसारखी पाठ असलेली ए-बी-सी-डी विसरलाय. हत्यारं मात्र त्याला ओळखता येतात. कॅसीला ते कळतं तेव्हा ती हादरते. सगळं जग जळत असताना बहीण भावाला अक्षरं आठवून द्यायचा हट्ट धरते. लढाईची पानंच्या पानं मी दुसऱ्या वाचनात भराभर उलटली, पण ते प्रकरण मुद्दाम सावकाश वाचलं. भाचीनं तिथं पेन्सिलनं बारीक रेघ मारून ठेवलीय.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं कशासाठी, याचं उत्तर व्हॉश नावाच्या कमांडरच्या तोंडून मिळतं. कॅसीच्या प्रेमात पडलेल्या इव्हान वॉकरसारखे मारेकरी परग्रहावरचे नाहीतच. ती माणसंच आहेत, आपण परके आहोत असं त्यांच्या डोक्यात भरवून दिलंय. आणि या सगळ्या खटाटोपाचा हेतू म्हणजे माणसाचा माणसावरचा विश्वास कायमचा मोडून टाकणं. विश्वास गेला की माणसं परत कधी एकत्र येणार नाहीत, मोठी शहरं उभी करणार नाहीत, पृथ्वी ओरबाडणार नाहीत. ज्यांनी मालिका अर्धवट सोडली त्यातल्या बऱ्याच जणांना हे उत्तर पटत नाही. मला ते अर्धं पटतं. विश्वास हेच माणसाचं मर्मस्थान आहे, हे बरोबर. पण तो इतक्या सहज मोडतो, हे मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी औशात शाळेत होते. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्याकडं त्यानंतर कितीतरी दिवस कुणी घरात झोपत नव्हतं, अंगणात पत्र्याखाली नाहीतर ताडपत्रीखाली सगळी गल्ली एकत्र. माळवदाखाली पाऊल टाकायला म्हातारी माणसंसुद्धा घाबरायची. चोऱ्यांच्या गोष्टी आम्हीही ऐकल्या, झाल्याही असतील. पण कुठून कुठून ट्रक भरून माणसं आली. त्यांची भाषा वेगळी, जात-धर्म कुणी विचारला नाही, भाकरी वाटली, ढिगारे उपसले. आणि आमच्या लोकांनी त्यांच्या हातात आपली लेकरं दिली. व्हॉशच्या हिशोबात ही गोष्ट बसत नाही.

हे पुस्तक बाजारात आलं तेव्हा, २०१६च्या मे महिन्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. घागरींची रांग लागायची, माणूस नसला तरी त्याच्या घागरीचा नंबर राखला जायचा. भांडणं भरपूर झाली, डोकी फुटायची वेळ आली, पण मधली घागर कुणी उचलून मागं ठेवली नाही. आमच्या गल्लीत ज्यांच्या बोअरला थोडं पाणी होतं त्यांनी रात्री पाइप फाटकाबाहेर काढून दिला. यान्सीनं अशी माणसं दाखवलीच नाहीत असं नाही. पोरांच्या सैनिकी तुकडीचा म्होरक्या झॉम्बी, म्हणजे बेन पॅरिश, जखमी असताना त्याच तुकडीतल्या रिंगर आणि टीकप या मुलींना शोधायला निघतो, कारण तसा शब्द दिलाय. डम्बो नावाचं पोरगं त्याच्यामागं जातं. माझी तक्रार एवढीच की हे सगळे एका तुकडीतले आहेत, एकमेकांना आधीपासून ओळखणारे. पूर्ण अनोळखी माणसानं पूर्ण अनोळखी माणसासाठी काही केल्याचे प्रसंग तिन्ही पुस्तकांत फार थोडे आहेत, आणि गोष्टीला नेमकी त्यांचीच गरज होती.

आकड्यांचंही तसंच. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेत अब्जावधी माणसं मरतात आणि पुस्तक वाचणाऱ्याला काही वाटत नाही. किल्लारीच्या आजूबाजूच्या गावांत एकेका घरातल्या मेलेल्यांची यादी ऐकलेल्या माणसाला तर मुळीच नाही. कॅसीची आई मरते, तो प्रसंग पहिल्या पुस्तकात असूनही मला आजही आठवतो. अब्ज हा आकडा मात्र आठवत नाही.

पोरींचं मत माझ्याहून वेगळं पडलं ते रिंगरवर. कॅसी बडबडी, हळवी, स्वतःशीच वाद घालणारी. रिंगर थंड डोक्याची, बापानं बुद्धिबळ शिकवलेली. रेझर नावाच्या सैनिक मुलाबरोबर ती बुद्धिबळ आणि बेसबॉल एकत्र करून ‘चेसबॉल’ खेळते, ते दुसऱ्या पुस्तकात येतं. क्लासच्या सगळ्या पोरींना रिंगर आवडली. हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी म्हणाली, “मावशी, हिला कुणी विचारतच नाही की तुला काय व्हायलंय. आमच्यासारखंच, नुसतं रँक विचारतात.” पहिल्या पुस्तकातल्या छावणीत पोरांच्या तुकड्यांचे गुण फळ्यावर लागतात, ते तिच्या डोक्यात असणार. लातूर पॅटर्नमध्ये वाढणाऱ्या मुलीला ते वाचून काय वाटलं असेल, हे तिच्या तोंडून ऐकल्यावर मी पुढं काही बोलले नाही. तिला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं.

म्हणूनच शेवटच्या पुस्तकात रिंगरच्या वाट्याला जे आलं ते मला खटकतं. तिच्या शरीरात यंत्रणा घातलेली, त्यात ती गरोदर, आणि या गरोदरपणाकडं लेखकानं कथानकाचा एक धागा म्हणून पाहिलंय. तिला स्वतःला याबद्दल काय वाटतं, यासाठी पुरेशी पानं दिलेली नाहीत. इतक्या बुद्धिमान मुलीला मनाच्या इतक्या मोठ्या प्रसंगात एवढी थोडी जागा, हा या पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष आहे. मधल्या भागातली पळापळ, हेलिकॉप्टर, तळावरची मारामारी यांची लांबी कमी करून ही जागा काढता आली असती. इव्हानचंही तसंच आहे. पहिल्या पुस्तकातला तो शेतावरचा, गोंधळलेला, प्रेमात पडलेला मुलगा शेवटी बराच वेळ नुसता डोकं पुसलेला मारेकरी म्हणून वावरतो, आणि कॅसीचं आणि त्याचं नातं त्यामुळं लंगडं पडतं.

आणि तरीही शेवट. ‘वंडरलँड’ ही माणसाच्या आठवणी उतरवून घेणारी यंत्रणा आधीपासून गोष्टीत आहे. शत्रूनं ती माणसांची छाननी करायला वापरली. शेवटी कॅसी त्याच यंत्रणेतून हजारो माणसांच्या आठवणी स्वतःच्या डोक्यात उतरवून घेते. मेलेल्यांच्या, अनोळखी माणसांच्या, कुणाच्या लहानपणाच्या, कुणाच्या शेवटच्या घटकेच्या. मग ती एकटी यानाकडं जाते आणि स्वतःसकट ते उडवते. पहिल्या वाचनात वेग इतका असतो की त्यागच लक्षात राहतो. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की लेखकानं व्हॉशला दिलेलं उत्तर तिथं आहे. परक्या माणसाला जवळ करता येणार नाही अशी सोय ज्यांनी केली, त्यांच्याच यंत्रातून ही पोरगी सगळ्या परक्यांना आपल्या आत घेते. माझी वरची तक्रार, अनोळखी माणसांबद्दलची, तिचं अर्धं समाधान इथं होतं. ते आणखी शंभर पानं आधी सुरू व्हायला हवं होतं, एवढंच.

ती मरायला नको होती, यावर आमच्या घरी फार वाद झाले. भाचीचं म्हणणं, सॅमला वाचवायला निघालेल्या बहिणीनं सॅमला सोडून जाणं हा दगा आहे. तिच्या मैत्रिणीचं म्हणणं, सॅम जगावा म्हणूनच ती गेली. दिवाळीत आम्ही औशाला गेलो तेव्हा गच्चीवर उत्तरेला शर्मिष्ठेचे पाच तारे छान दिसत होते. कॅसीचं पूर्ण नाव त्या नक्षत्रावरून, कॅसिओपिया. पोरी तिथंही भांडल्या. मी भाचीच्या बाजूनं नाही. सॅमजवळ बेन आहे, रिंगर आहे, घशात बॉम्ब बसवलेली ती छोटी मेगन आहे. कॅसीनं त्याला माणसांत सोडलंय, एकटं सोडलेलं नाही. उपसंहारात रिंगरच्या बाळाचं नाव कॅसी ठेवतात. हा धागा जरा जास्तच नीटनेटका वाटला, पण पोरींना तिथं रडू आलं आणि ते रडणं खरं होतं.

काही कामाच्या गोष्टी. लातूरच्या दुकानांत मला पुस्तक मिळालं नाही, ऑनलाइन मागवलं. माझी प्रत पेपरबॅक आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवल्यानं पाठीचा डिंक सुटला आणि मधली काही पानं निघाली. ती चिकटवून घ्यावी लागली. आमच्याकडच्या उन्हात अशी पुस्तकं खिडकीजवळ ठेवू नका. इंग्रजी अवघड नाही, वाक्यं लहान आहेत. पण निवेदक बदलत राहतात आणि अर्धवट तुटलेली वाक्यं पुष्कळ आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिली पन्नासेक पानं जड जातील. कुणीतरी बरोबर बसून वाचलं तर पुढं ती आपोआप पळतात. हिंसा आणि शिव्या आहेत, लहान मुलांचे मृत्यू आहेत. नववी-दहावीच्या आतल्या मुलांच्या हातात मी देणार नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर कुणाच्याच हातात देऊ नये, रात्र जाते.

तीन पुस्तकांत माझ्या मते पहिलं सगळ्यात घट्ट आहे, दुसरं सगळ्यात धाडसी आणि हे तिसरं सगळ्यात मोठं काहीतरी म्हणू पाहणारं. त्याला ते पूर्ण जमलेलं नाही. पण पहिली दोन वाचून इथं थांबू नका, कारण कॅसीची ती शेवटची प्रकरणं तिसऱ्यातच आहेत. सध्या आमची प्रत हॉस्टेलवरच्या त्या मुलीकडं आहे आणि तिच्यानंतर तिच्या खोलीतल्या दोघींनी नंबर लावून ठेवलाय.